प्रश्न तिला होता

फोन दीप्तीसाठी होता. उचलला प्रसेनजीतनं.

"हां, बोला तेजस्वीबाई... कुठं? दांडेलीला? राफ्टिंग? वा, वा! पण नाही हो, आमच्या दीप्तीला तसलं काही नको असतं. पाणी, जंगल म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. तुम्ही दोघं जाऊन या की खुशाल."

कळंब्यातल्या त्या घरात स्वयंपाकघर आणि फोन यांच्यात फार तर दहा पावलांचं अंतर होतं. दीप्ती भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली, तोवर त्यानं फोन ठेवला होता.

"कुणाचा होता?"

"कबनूरच्या शाळेतल्या तुझ्या मैत्रिणीचा. दिवाळीच्या सुट्टीत जोडीनं जंगलात जायचं म्हणत होत्या. मी सांगून टाकलं, तुला नको म्हणून."

"मला हवंय."

"काय हवंय?"

"जायला! मला जायचंय."

"मग आधी सांगायचं नाही का?" प्रसेनजीत खरोखरच चकित होऊन म्हणाला.

आधी म्हणजे कधी? फोन वाजायच्या आधी? दीप्तीच्या कपाळाची शीर उडायला लागली. पण तव्यावरची भाकरी करपत होती, म्हणून ती आत गेली.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? नवरा काही मारत नव्हता, दारू पीत नव्हता, बायकोचा पगार काढून घेत नव्हता. सगळं खरं आहे. प्रसेनजीत भला माणूस होता. बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता, निर्व्यसनी. लग्नानंतर दीप्तीचं बी.एड. त्यानंच हट्टानं पूर्ण करून घेतलं. परीक्षेच्या दिवसांत स्वतः डबे केले, लहानग्या लेकीची वेणी घातली. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तो स्त्री-पुरुष समतेवर बोलायला उभा राहिला की माणसं शेवटपर्यंत जागची हलत नसत. असल्या नवऱ्याविरुद्ध तक्रार तरी कुणाकडे करायची? आणि काय म्हणून करायची? "माझ्या आधी तोच बोलतो" ही काय तक्रार झाली?

पण सोळा वर्षं हेच चाललं होतं. दुकानदारानं दीप्तीला विचारावं, "ताई, काठाची दाखवू का?" आणि यानं म्हणावं, "तिला काठाची नको." बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारावं, "तुम्ही कुठल्या?" आणि मागच्या बाकावरून यानं गावाचं नाव सांगावं. वर्गात साठ पोरांना गप्प बसवणारी बाई घरच्या उंबऱ्याबाहेर नवऱ्याशेजारी उभी राहिली की तिची वाचाच जायची. तिनं तोंड उघडेपर्यंत उत्तर पोचलेलं असायचं.

त्या संध्याकाळी मात्र तिनं स्वतः फोन फिरवला. "तेजस्वी, आम्ही येतोय. दोघंही."

*

२००४ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. लेकीला आजीकडे ठेवून शनिवारी पहाटे दोन जोडपी सुमोतून निघाली. गाडी तेजस्वीच्या नवऱ्याची, संग्रामची होती. त्याचे कबनूरला यंत्रमाग होते. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, त्यामुळं दोघांच्या गप्पांना खंड नव्हता. बेळगाव मागं पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू दाटत गेले, हवेला ओला वास आला. दीप्तीनं काच खाली केली.

"काच लावून घे संग्राम, दीप्तीला वारं सोसत नाही," प्रसेनजीत म्हणाला.

"सोसतं," दीप्ती म्हणाली.

नदीकाठच्या मुक्कामाच्या जागी तंबू होते, पत्र्याच्या छपराखाली जेवणघर होतं. तिथल्या टेबलावर प्रत्येकाला एकेक कागद भरायला दिला. नाव, वय, आजार, पोहता येतं की नाही. प्रसेनजीतनं दोन्ही कागद पुढं ओढले आणि सरकारी सफाईनं भरून टाकले. दीप्तीनं आपला पाहिला. 'पोहता येतं का?' यापुढं त्यानं 'नाही' लिहिलं होतं.

"अहो, मला येतं पोहायला."

"तुला?"

"भोगावतीच्या काठचं माझं गाव. धरणाखालचं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आबांनी नदीत टाकलं होतं मला सातव्या वर्षी. दहाव्या वर्षी मी पैलतीर गाठून परत येत होते."

"सोळा वर्षांत कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कधी?"

प्रसेनजीत हसला. त्याला ती थट्टा वाटली. दीप्तीनं पेन घेतलं, 'नाही' वर काट मारली आणि कागद फाटेल इतक्या जोरात 'हो' लिहिलं.

*

दुपार टळल्यावर जंगलात न्यायला उघडी जीप आली. सोबत वाटाड्या होता, आकाराम. वय साठीच्या पुढं, अंगात खाकी शर्ट, डोळे मात्र घारीचे. मूळचा कागलकडचा, तरुणपणी इकडं कामाला आला आणि इथलाच झाला. कोल्हापूरची गाडी बघून म्हातारा हरखला.

"आमच्या मुलखातलं पावणं आल्यात म्हणायचं! बाई, म्होरं बसता काय? म्होरनं लांबचं दिसतंय."

"तिला नको," प्रसेनजीत म्हणाला. "ती मागंच बरी, धक्के बसतात."

आकारामनं त्याच्याकडं पाहिलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "पावणं, म्या बाईस्नी इचारलंय की."

तेजस्वी खुदकन हसली. दीप्ती पुढं जाऊन बसली. बाहेरच्या एका अनोळखी माणसानं तिच्या उत्तराची वाट पाहिली होती!

जीप थांबत थांबत चालली होती. उंच झाडावर शेकरू दिसलं, लांब तांबूस शेपूट झोकत ते या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. धनेश पक्ष्यांची जोडी पंखांचा मोठा आवाज करत डोक्यावरून गेली. मग एका वळणावर आकारामनं नुसता हात वर केला. गवताच्या पलीकडं गव्यांचा कळप होता. सात-आठ असतील. काळेभोर अंग, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. एका गायीनं मान वर केली आणि सरळ दीप्तीकडं पाहिलं. दीप्ती श्वास धरून बसली.

"दीप्ती, दिसला का? तो बघ, डावीकडचा! घाबरू नकोस हं, ते काही करत नाहीत!" मागून प्रसेनजीतचा आवाज आला.

कळप वळला आणि झाडीत दिसेनासा झाला.

"गेलं," आकाराम म्हणाला. "त्यास्नी जिपचा आवाज सोसतोय, पर बोलणं न्हाय सोसत."

"अहो, मी तिला दाखवत होतो."

"बाईस्नी दिसत हुतं की."

दीप्ती दात-ओठ खात समोर बघत राहिली.

परतल्यावर जेवणघरात चहा आला. तेजस्वी कप घेऊन दीप्तीशेजारी बसली आणि सहजच म्हणाली, "ताई, एक विचारू? आपल्या संस्थेच्या राधानगरीच्या शाळेला तुम्ही नको का म्हणालात? आमच्या शाळेत सगळ्यांना नवल वाटलं."

"राधानगरीचं काय?"

"मुख्याध्यापिकेचं! तुमचंच नाव पहिलं होतं म्हणे. सेक्रेटरी हंबीररावांनी तुमच्या घरी फोन केला होता, तर नकार आला. आता परवा सोमवारी संस्थेची बैठक आहे. दुसरं नाव ठरेल."

दीप्तीनं कप खाली ठेवला. तिनं मान वळवली. प्रसेनजीत बिस्किट चहात बुडवत होता.

"फोन आला होता?"

"आला होता की. मागच्या आठवड्यात. तू बाजारात गेली होतीस." त्याच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता. "मी सांगितलं, तिला एवढं लांब नको. तिथला पाऊस तुला माहीत आहे. जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं असतं. एसटीचा भरवसा नाही. तुझ्या काळजीपोटीच..."

"मला सांगितलंही नाहीत!"

"सांगायचं काय त्यात? तू नकोच म्हणणार होतीस."

"त्या शाळेत मी शिकले," दीप्ती म्हणाली. "आमच्या वस्तीतून मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी. त्या शाळेच्या मुख्याध्यापकाच्या खोलीत जायला माझे पाय लटपटायचे. ती खुर्ची मला देत होते आणि तुम्ही... तुम्ही ते बसच्या तिकिटासारखं परत केलंत!"

ती उठली आणि नदीच्या दिशेनं चालायला लागली. तेजस्वी तिच्यामागं धावली. संग्राम गाडी बघण्याचं निमित्त करून निघून गेला. टेबलाशी प्रसेनजीत आणि आकाराम दोघंच उरले.

"बघा मामा," प्रसेनजीत वैतागून म्हणाला, "माणसानं काळजी करायची तरी कशी? आम्ही यांना पायावर उभं करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं."

आकारामनं चहा संपवला. मग म्हणाला, "माझी बायडाबाई हाय न्हवं, तिला आता दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाय."

"अरेरे! कशानं?"

"माझ्या तोंडानं."

"तोंडानं?"

"व्हय. दवाखान्यात घिऊन गेलतो. डाक्टर तिला इचारायचा, काय हुतंय? म्या म्हणायचो, चुलीच्या धुरानं डोळं चुरचुरत्यात, बाकी काय न्हाय. दिव्याभवती रंग दिसतोय काय? म्या म्हणायचो, न्हाय. डोस्कं दुखतंय काय? म्या म्हणायचो, न्हाय. तिला समदं हुत हुतं, पावणं! दिव्याभवती रंगीत कडं दिसत हुतं, डोस्कं फुटत हुतं. पर घरधनी बोलतोय म्हटल्यावर ती गप. तीन वरसं थेंब घालत बसलो. मोठ्या दवाखान्यातल्या डाक्टरनं मला भायेर काढलं आणि तिला एकलीला इचारलं, तवा कळालं, काचबिंदू. उशीर झालता."

"पण तुम्ही मुद्दाम..."

"मुद्दाम कशाला करीन? माया हुती म्हणूनच बोलायचो. तुमच्यागत! आता रोज तिचा हात धरून परड्यात न्हेतो. ती मला कवा बी बोल लावत न्हाय. त्येच सोसत न्हाय बघा. माया करा की, पर दुसऱ्याच्या तोंडातला घास काढल्यागत त्याचं उत्तर काढून घिऊ नका."

"आमची गोष्ट वेगळी आहे मामा," प्रसेनजीत म्हणाला. "माझी बायको शिकलेली आहे."

"मग तर लईच नवल," म्हातारा म्हणाला आणि उठला.

*

रविवारी सकाळी रबरी राफ्ट पाण्यात उतरली. दीप्ती नवऱ्याशी कामापुरतंही बोलत नव्हती. सगळ्यांनी जॅकेटं घातली, डोक्यावर टोप्या चढवल्या, हातात वल्हं घेतलं. राफ्ट चालवणारा नेपाळी तरुण मागं उभा राहून हुकूम देणार होता आणि बाकीच्यांनी तेवढंच ऐकायचं होतं. त्यानं तसं तीनदा बजावलं. पण प्रसेनजीतला राहवतंय कुठं?

"आगे मारो!" मागून हुकूम यायचा.

"दीप्ती, पुढं मार! पुढं!" प्रसेनजीत ओरडायचा.

"रुको!"

"दीप्ती, थांब! पाय अडकव! घट्ट धर!"

पाण्याच्या गर्जनेवर ताण करत तो घसा फोडून ओरडत होता. पहिला खळाळता उतार ओलांडला, दुसरा ओलांडला. दीप्तीचं वल्हं पाण्यात शिस्तीत पडत होतं. कितीतरी वर्षांनी नदी तिच्या हाताला लागली होती. गार पाणी तोंडावर आलं तशी ती त्या सगळ्या रागातही हसली.

तिसऱ्या उताराशी राफ्टचं नाक खाली गेलं. "झुको!" असा हुकूम आला. सगळे वाकले. प्रसेनजीत मात्र मागं वळला होता, दीप्ती नीट वाकली की नाही ते बघायला. लाटेनं त्याला अलगद उचललं आणि बाहेर फेकलं.

"अहो!"

फेसात त्याची लाल टोपी दिसली, गडप झाली, पुन्हा दिसली. तो तोंड उघडून ओरडत होता आणि प्रत्येक ओरडण्याला पाणी गिळत होता. दीप्तीनं वल्ह्याची मूठ त्याच्याकडं केली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा त्यानं धरली.

"मॅडम, जॅकेट पकडो! खींचो!"

तिनं गुडघे राफ्टच्या कडेला टेकवले, त्याच्या जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे दोन्ही हातांनी धरले आणि सगळं अंग मागं टाकलं. संग्रामनं हात लावला. प्रसेनजीत आत आला तो थेट तिच्या अंगावर. खोकत, ठसकत, पांढराफटक पडून. त्यानं बोलायला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

*

गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी घेऊन घसा पाहिला. ओरडून आणि ठसकून सुजला होता, बाकी काळजीचं काही नव्हतं. "दोन दिवस बोलणं बंद," ते म्हणाले आणि मग दीप्तीकडं वळले. "यांना याआधी कधी असा त्रास?"

"नाही," दीप्ती म्हणाली.

प्रसेनजीतनं हात हलवला. झाला होता, कॉलेजात असताना. पण डॉक्टरांचं लिहून झालं होतं.

मुक्कामावर परतल्यावर तर कहर झाला. वाढणाऱ्या चिमणाबाईंनी विचारलं, "सायबास्नी काय वाढू?" आणि प्रसेनजीतनं बोट उचलायच्या आत तेजस्वी म्हणाली, "सरांना मऊ भात द्या, तिखट नको." मटणाच्या रश्श्याचा वास येत होता. प्रसेनजीतनं मान जोरजोरात हलवली. "बघा, सरांना रश्श्याचा वासही सहन होत नाही," संग्राम म्हणाला आणि पातेलं लांब सरकवलं. कुणी म्हणालं, त्यांना ऊन नको, सावलीत बसवा. कुणी म्हणालं, संध्याकाळी ते जंगलात येणार नाहीत, झोपू द्या. सगळे त्याच्याविषयी बोलत होते, मायेनं बोलत होते आणि त्याच्याकडं कुणीही बघत नव्हतं!

दीप्ती बघत होती. खरं सांगायचं तर तिला मनातून गोड वाटत होतं. कळू दे जरा! तिनं एकदा म्हटलंही, "हो, त्यांना नकोच असतं तसलं."

तेवढ्यात ताटली आपटल्याचा आवाज झाला. प्रसेनजीत उभा होता. ओठ थरथरत होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि घशातून नुसती हवा बाहेर पडत होती. तो चेहरा दीप्तीच्या ओळखीचा होता. कितीदा तरी आरशात पाहिला होता तिनं तो. स्वतःचा.

तिचा गोडवा तिथंच ओसरला. ती उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?"

आणि ती थांबली. घाई केली नाही, अंदाज बांधला नाही.

प्रसेनजीत खाली बसला. त्यानं तिचा हात धरला. बऱ्याच वेळानं घासलेल्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात तो म्हणाला, "सकाळपासून... मला... फक्त तू विचारलंस."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एका दिवसात माझा जीव गुदमरला, दीप्ती. तू सोळा वर्षं कशी राहिलीस?"

"बोलू नका. डॉक्टरांनी सांगितलंय," ती म्हणाली. मग तिला स्वतःच्याच वाक्याचं हसू आलं. "बोला. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला."

तो बोलला नाही. तिचा हात धरून तो तिला मुक्कामाच्या कचेरीतल्या फोनपाशी घेऊन गेला. खिशातली वही काढून त्यानं नंबर फिरवला. पलीकडून हंबीररावांचा खणखणीत कोल्हापुरी आवाज आला, तो मागोमाग आलेल्या तेजस्वीलाही ऐकू गेला.

"कोण? प्रसेनजीतराव व्हय! बोला की. मॅडमना राधानगरी न्हाय जमणार, ते कळलंय मला..."

"साहेब," प्रसेनजीत कसाबसा म्हणाला, "ते मी बोललो होतो. तिला विचारा." आणि त्यानं रिसीव्हर दीप्तीच्या हातात दिला.

दीप्तीनं तो कानाला लावला. हवंय का आपल्याला? खरंच? इतका वेळ ती नकारावर चिडली होती, होकाराचा विचारच केला नव्हता! तो पाऊस, ती एसटी, लेकीची शाळा. आणि ती खोली, जिच्या दारात तिचे पाय लटपटायचे.

"हंबीररावसाहेब, मी दीप्ती बोलतेय. मला ती शाळा हवी आहे. पावसाळ्यात मला तिथंच राहावं लागेल, त्याची सोय मी माहेरी करीन."

"मॅडम, उशीर केलासा की हो! दुसऱ्या सरांचं नाव पुढं गेलंय. माझ्या एकट्याच्या हातात न्हाय आता. उद्या अकराला बैठक हाय. सोताच्या तोंडानं सांगायचं असंल तर या."

"येते," ती म्हणाली.

*

दुसरे दिवशी अकराला दोघं संस्थेच्या कचेरीत होते. प्रवासाची धूळ अजून अंगावर होती. दीप्तीनं आपला अर्ज पुढं ठेवला आणि ती वीस मिनिटं बोलली. शाळेतल्या मुली सातवीनंतर का गळतात, पावसात वर्ग कसे चालवायचे, प्रयोगशाळेला काय लागेल. प्रसेनजीत मागच्या खुर्चीत बसून ऐकत होता. यातलं निम्मं त्याला नवीन होतं.

शेवटी एक वयस्क सभासद चष्मा पुसत तिच्या डोक्यावरून मागं बघून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण साहेब, तुमची परवानगी आहे ना?"

प्रसेनजीतचा घसा अजून बसलेलाच होता. तो उठून उभा राहिला.

"परवानगीचा प्रश्नच नाही, साहेब. अर्ज तिचा आहे. माझ्या परवानगीचा रकाना त्यात कुठं आहे?"

हंबीररावांनी टेबलावर थाप मारली. "बरोबर हाय! मॅडम, तुमीच सांगा."

दीप्तीनं सांगितलं.

बैठकीनं लगेच काही दिलं नाही. दोन्ही अर्ज तपासले, अनुभवाची वर्षं मोजली. पंधरा दिवसांनी पत्र आलं आणि ते दीप्तीनं स्वतः फोडलं. जूनमध्ये राधानगरीला पावसानं झोड उठवली, तेव्हा त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत ती बसली होती. कळंब्याच्या घरी प्रसेनजीत आणि लेक दोघं मिळून स्वयंपाक करत. सवय एका सहलीत सुटत नाही. अजूनही त्याच्या तोंडून "तिला..." एवढं निघून जायचं. मग तो थांबायचा, ओशाळायचा आणि म्हणायचा, "तिलाच विचारा."

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या घरात मोठमोठे अन्याय नसतीलही. पण ज्याला प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्याच्या तोंडून येऊ देणं, इतकी साधी समता आपल्या उंबऱ्याच्या आत आहे का? बायकोला, म्हाताऱ्या आईला, वयात येणाऱ्या मुलीला आपण खरंच विचारतो का? आणि विचारल्यावर थांबतो का? माया असली म्हणून दुसऱ्याच्या वतीनं बोलण्याचा हक्क मिळत नाही. आज घरी जा, एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. काय ऐकायला मिळेल, याचा तुम्हाला अंदाजही नसेल!